अमेरिकेची हजेरी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी यशोधरा रामटेके मॅडमचं नाव घेतो. विचारणाऱ्याला वाटतं, हा आईचं नाहीतर वडिलांचं नाव घेईल. आईला मी हे एकदा सांगूनही टाकलं. ती तेव्हा तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "बरोबर हाय. मी तुले जनम देल्ला, पण अमेरिका कुठी हाय ते मले कुठी माहीत होतं?"

मॅडम आम्हाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'अमेरिकेचा इतिहास' हा पेपर शिकवायच्या. कॉलेज लहान, सावली तालुक्याच्या बाजूचं, आजूबाजूला सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. जुलैत नवी ऑर्डर यायची आणि मार्चमध्ये ती संपायची. अशा ऑर्डरींवर त्यांनी चौदा वर्षं काढली होती. कॉलेज कायमचं सोडून जाताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. माझ्या तोंडून त्या वेळी उत्तर निघालं नाही, आणि पुढची आठ वर्षं ते अडकूनच राहिलं. त्या प्रश्नाकडे यायच्या आधी मॅडम कशा होत्या ते सांगायला हवं.

त्या चंद्रपूरहून बसने यायच्या. अंगाने बारीक, सुती साडी, आणि साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. काखेत छत्रीचं लांब कापडी म्यान असायचं, पण म्यानात छत्री कधीच नसायची. भर पावसात फाट्यावर उतरून त्या भिजत यायच्या आणि ते म्यान मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असायचं.

"मॅडम, छत्री नाई का तुमच्याजवळ?" आमच्यातल्या एकाने एकदा विचारलं.

"हाय ना बाप्पा. पण तिची जागा अमेरिकेनं घेतली."

म्यानात नकाशा होता. धानाचं पोतं उसवून, त्याला पांढरा रंग देऊन मॅडमनी स्वतः काढलेला अमेरिकेचा नकाशा. खिडकीच्या गजांना कपडे वाळवायच्या दोन चिमट्यांनी त्या तो लटकवायच्या. मिसिसिपी नदी जाड निळ्या रेघेने काढलेली होती, आणि खाली कोपऱ्यात, त्याच मापाने, आमची वैनगंगा. नखाएवढी. ती पाहून आम्ही खट्टू झालो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काऊन तोंड पाडलं? पाणी सारखंच ओलं हाय."

आम्ही अकरा जण होतो. पहिल्या तासाला त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं.

"एक नंबर?"

"हजर मॅडम," रमेश म्हणाला.

"कुठी हजर?"

रमेशने इकडेतिकडे पाहिलं. "वर्गात, मॅडम."

"वर्गात तर भिंतीबी हजर हायेत. आज आपण बोस्टनच्या बंदरावर आहोत. लोक जहाजावर चढले आणि चहाच्या पेट्या समुद्रात फेकून राह्यले. तू कोण आहेस तिथी?"

"मी... मी नुसता पाहून राह्यलो, मॅडम."

"छान. काय पाहून राह्यला?"

"एवढा चहा वाया चालला."

वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टरमध्ये रमेशच्या नावापुढे काही तरी लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'पाहणारा. चहा वाया गेला म्हणून हळहळला.' मग मान वर करून म्हणाल्या, "तिथी असा एक माणूस नक्की असन. पुस्तकात तो नाई. पण तो असन."

त्या दिवसापासून अमेरिकेच्या इतिहासात मोठं वळण आलं की मॅडम अशी हजेरी घ्यायच्या. त्या हजेरीला दोन नियम होते. पहिला नियम: राष्ट्राध्यक्ष, सेनापती, पुढारी कोणीही व्हायचं नाही. "मोठ्या माणसायले पुस्तकात जागा हाय. पेपरात त्यायची नावं लिहा, मार्क भेटतीन. माझ्या हजेरीत ते गैरहजर." दुसरा नियम याहून कठीण होता. त्या दिवशी त्या माणसाला जे माहीत असणं शक्य नव्हतं, ते बोलायचं नाही. बंदरावर उभा असलेल्याला पुढे युद्ध होणार हे ठाऊक नाही. "तुले उद्या माहीत नाई," असं त्या बोट उगारून बजावायच्या.

१७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा शिकवला त्या दिवशी एक मुलगा जोशात उभा राहिला. "मी गुलाम हाय मॅडम. आजपासून मी मोकळा झालो!"

"कसा झाला?"

"सगळी माणसं समान असं लिहिलं ना त्यायनं."

"तुले वाचता येते?"

"...नाई."

"कोणी वाचून दाखवलं?"

"नाई मॅडम."

"मंग बस खाली बेटा. तुले अजून लय वर्षं वाट पाहाची हाय."

तो बसला, आणि त्याच्याबरोबर वर्गातली सगळी हवाच खाली बसली. जाहीरनाम्यात काय लिहिलं होतं ते मी आज शब्दशः सांगू शकणार नाही. पण ते कोणाला वाचून दाखवलं गेलं नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मॅडमच्या दोन भाषा होत्या. नोट्स सांगताना अगदी पुस्तकी मराठी: 'तत्कालीन आर्थिक परिस्थितीचा परिणाम म्हणून...' आणि वही बंद करा म्हटलं की आमची भाषा. आम्हीही वही बंद व्हायचीच वाट पाहायचो.

आमच्या वर्गात शेवंता कोडापे नावाची मुलगी होती. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावाची, गोंड, वसतिगृहात राहणारी. हजेरीला ती नुसती उभी राहायची, खाली पाहायची आणि बसायची. मॅडम तिच्या पुढे दर वेळी 'आली होती, बोलली नाही' असं लिहायच्या आणि पुढच्या नंबरावर जायच्या. कधी रागावल्या नाहीत, कधी चुचकारलंही नाही.

मग तो धडा आला. गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी होती म्हणून मूळच्या आदिवासी जमातींना त्यांच्या गावांतून उठवून, सैनिकांच्या पहाऱ्यात, पश्चिमेला दूर हाकललं गेलं. वाटेत हजारो माणसं थंडीने आणि आजाराने मेली. मॅडमनी नकाशावर बोट ठेवून ती वाट दाखवली आणि हजेरी सुरू केली. पाच नंबर शेवंताचा.

ती उभी राहिली आणि गोंडीत बोलायला लागली. हळू सुरुवात केली, मग तिचा आवाज मोकळा झाला. दोन मिनिटं बोलली असेल, पाचही असतील. आम्हा दहा जणांत कोणालाच गोंडी येत नव्हती. एका ठिकाणी तिने हाताने काही तरी जमिनीवर ठेवल्यासारखं केलं आणि तिथेच सोडून दिल्यासारखं पुढे पाहिलं. एवढंच समजलं. बोलून झाल्यावर ती बसली.

कोणी तरी पुटपुटलं, "मॅडम, तिले मराठीत सांगाले लावा ना."

मॅडम म्हणाल्या, "नाई. मलेबी काहीच समजलं नाई. त्या पहाऱ्यावरच्या शिपायायलेबी असंच समजलं नसन." मग रजिस्टरमध्ये लिहून वाचलं: 'हजर. बोलली. आम्हाला कळलं नाही.'

तास संपल्यावर मॅडम किती तरी वेळ नकाशा गुंडाळत राहिल्या. त्या दिवसानंतर शेवंता प्रत्येक हजेरीला बोलली, मराठीत.

सगळे धडे असे जड नसायचे. आमच्याकडच्या चार मुलींच्या गावावरून एक खाजगी मिनीबस यायची, आणि तिचा ड्रायव्हर कॉलेजच्या मुलींना पाहून गाडी पुढे दामटायचा. मुलींचं अर्धं तिकीट होतं म्हणून. मॅडमनी आम्हाला बसवरच्या बहिष्काराचा धडा शिकवला: १९५५ साली अमेरिकेतल्या एका शहरात काळ्या बाईने बसमधली जागा सोडली नाही, आणि मग तिथल्या काळ्या लोकांनी वर्षभराहून जास्त दिवस बसमध्ये पायच ठेवला नाही, धुणीभांडी करणाऱ्या बायाही पायी कामाला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून या चौघींनी मिनीबसवर बहिष्कार टाकला. आठवडाभर सहा-सहा किलोमीटर पायी. आठव्या दिवशी धुळीने माखून वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्याले काहीच फरक पडून नाई राह्यला. आज तर हात दाखवून हसत गेला."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अवो पोरीहो, तिथली बस त्या लोकांच्याच तिकिटावर चालत होती. तुमच्यावर कुठी चालते? तो तर खूश असन! तुमच्या गावात त्या बसनं सगळ्यांत जास्त कोण जाते?"

"आठवडी बाजारच्या दिवशी बाया."

"मंग मले काऊन सांगता? त्यायले सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी गावच्या बाया टोपल्या घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. गाडी थांबली. एकीही चढली नाही. "आधी पोरी, मंग आमी," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मिनीबस रोज थांबायला लागली.

त्याच धड्याच्या वेळी मॅडम स्वतःच्या घराविषयी बोलल्या. पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. "ते लोक तिथी पायी चालून राह्यले होते, तेव्हाच, छप्पन साली, माझी आई तिच्या गावाहून पायी चांद्याले, म्हणजे आपल्या चंद्रपूरले, गेली होती, धम्माची दीक्षा घ्याले. इकडं हे, तिकडं ते. कोणालेच एकमेकाची खबर नाई." एवढं म्हणून त्यांनी नकाशाकडे पाहिलं. मला तेव्हा वाटलं, या पोत्यावर आमचंही गाव कुठे तरी आहे.

आता माझ्या स्वतःच्या हजेरीचं सांगतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली ती १८६३च्या पहिल्या दिवशी. पण टेक्सासच्या कापसाच्या मळ्यांत ती पोचली १८६५च्या १९ जूनला. सैनिकांनी गॅल्व्हेस्टन या बंदरावर हुकूम वाचून दाखवला तेव्हा. अडीच वर्षं ती माणसं कागदावर मोकळी होती आणि शेतात कापूस वेचत होती.

"नऊ नंबर?"

नऊ नंबर माझा. मी म्हणालो, "मी एक बाई हाय मॅडम. कापसाच्या ओळीत खुरपून राह्यली. कोणी तरी धावत येऊन सांगितलं, तू मोकळी झाली. पण मी खुरपणं थांबवलं नाई. हातातली ओळ संपवली."

"काऊन?"

"माझी माय तशीच करते. धानाच्या रोवणीत कोणीबी हाक मारली तरी हातातली रोपायची पेंडी संपल्याशिवाय कंबर सरळ करत नाई."

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग लिहिलं: 'खुरपत राहिली. थांबली नाही.' त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या आईचा अभिमान वाटला. त्याआधी असा वाटला नव्हता, हे कबूल करायला हवं.

परीक्षा जवळ आली. आम्ही घाबरलो होतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात तोवर कोणीच पदवीधर नव्हता. मॅडम म्हणाल्या, "भेऊ नका. वर्गात सांगता तसंच लिहा."

आम्ही तसंच लिहिलं.

यादवी युद्धाची कारणं आणि परिणाम विचारले होते. मी लिहिलं, 'मी कापसाच्या शेतात होतो. मले कोणी विचारलं नाई.' रमेशने महामंदीच्या प्रश्नाला 'मी बँकेच्या दारासमोर रांगेत उभा आहे' अशी सुरुवात केली आणि चार पानं तो रांगेतच उभा राहिला. अकरापैकी आठ जण त्या एका पेपरात नापास झालो. मीही. बाकी सगळ्या विषयांत पास, आणि पदवी अमेरिकेत अडकलेली.

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. फेरपरीक्षेतही असाच निकाल लागला तर पेपर बंद करावा लागेल, असं सांगितलं. आम्ही बाहेर उभे होतो. वाटलं, मॅडम तपासणाऱ्याला दोष देतील. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्यानं काय करावं बिचाऱ्यानं? त्याले काय माहीत तुमी कोण? चूक माझी हाय. मी तुमाले आत जाणं शिकवलं, बाहेर येणं शिकवलंच नाई."

तोवर मे महिना लागला होता. आमच्या भागात मे म्हणजे तेंदूपत्ता, विडीची पानं. सकाळी जंगलात पानं तोडायची, दुपारी घरी बसून त्यांचे पुडके बांधायचे. घरचं एकही माणूस रिकामं नसतं. कॉलेजात शिकवणीला कोण येणार? म्हणून मॅडमच आल्या. त्यांची ऑर्डर मार्चमध्येच संपली होती; या तासांची नोंद कुठेच होणार नव्हती. कॅनव्हासचे बूट, काखेत म्यान, डोक्यावर ओला पंचा. आमच्या अंगणातल्या मांडवाखाली नकाशा लटकला. आजूबाजूच्या गावचे आम्ही सात जण पुडके बांधत बसलो, आणि मॅडमही आमच्यासोबत बांधायला लागल्या. शेवंताच्या गावी जाऊन त्या दोन दिवस राहिल्या, ते मला नंतर कळलं.

"आता नवीन हजेरी," त्या म्हणाल्या. "आज तुमी तिथी नाई. तुमी परीक्षेच्या खोलीत बसून आहात. लांबून पाहून राह्यले. म्हणा: असे म्हणता येईल की."

"असे म्हणता येईल की," आम्ही सात जणांनी पानं जुळवत म्हटलं.

"उत्तरेकडील औद्योगिक आणि दक्षिणेकडील शेतीप्रधान अर्थव्यवस्था यांतील संघर्ष..."

"...संघर्ष हे युद्धाचे प्रमुख कारण होते, असे म्हणता येईल."

"शाब्बास. त्या खुरपणाऱ्या बाईले उत्तरात आणू नको मंगेश. पण तिले विसरूबी नको. तिले डोळ्यासमोर ठेव आणि मंग लिही, 'असे म्हणता येईल'."

तीन तास हे चाललं. आई सगळं ऐकत होती. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, असे म्हणता येईल का आता तुमी दोन घास खाऊन घ्या?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला पुडका सुटून पानं अंगणभर पसरली. त्यांना एवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

फेरपरीक्षेत आठही जण पास झालो. शेवंताला सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. पण निकाल यायच्या आतच कॉलेजने दुसरा विषय ठरवून टाकला होता. मुलं आधीच कमी, त्यात हा निकाल. अमेरिकेचा इतिहास बंद झाला, आणि मॅडमची पंधरावी ऑर्डर निघाली नाही.

त्या रजिस्टर जमा करायला आल्या तेव्हा मी मार्कशीट घ्यायला गेलो होतो. ऑफिसातल्या भाऊंनी रजिस्टर उघडून पाहिलं आणि ते हैराण झाले. "मॅडम, हे काय आहे? 'चहा वाया गेला म्हणून हळहळला'? हे मी जमा कसं करू?" मॅडमनी रजिस्टर परत घेतलं आणि पिशवीत टाकलं.

मी त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. झाडाखाली उभे होतो. माझ्या हातात पदवीची मार्कशीट होती, आमच्या घरातली पहिली. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांना ते आवडत नसे. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मंगेश, एक विचारतो. खरं सांगजो. मी तुमाले इतिहास शिकवला, का नुसतं सोंग शिकवलं?"

मला खूप काही सांगायचं होतं. तेवढ्यात बस दिसली आणि मी, एक पदवीधर माणूस, एवढंच बोललो, "मॅडम, बस."

त्या चढल्या. गर्दी होती. छत्रीचं म्यान खिडकीतून वीतभर बाहेर आलं होतं. आतून कंडक्टर ओरडला असावा, कारण बस हलली तसं ते हळूच आत ओढलं गेलं. तेवढंच शेवटचं दिसलं.

आता मी वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांची व्यवस्था पाहतो. गावी गेलो की लोक म्हणतात, "काय गा मंगेश, अमेरिका शिकून वाघ दाखवून राह्यला?" मी हसतो. या उन्हाळ्यात मात्र असं काही घडलं की मी रमेशकडून मॅडमचा भद्रावतीचा नवा पत्ता मिळवला आणि त्यांना पत्र पाठवलं. त्याची नक्कल मी ठेवली आहे.

*

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. मी मंगेश गुरनुले, रोल नंबर नऊ. तुम्ही फाट्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उशीर झाला, क्षमा असावी.

आमच्या रिसॉर्टवर जूनमध्ये परदेशी पाहुणे फारसे येत नाहीत. या वर्षी एक काळ्या आजीबाई नातीसोबत आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. तिसऱ्या दिवशी पहाटे सफारीची गाडी दारात आली तर आजीबाई म्हणाल्या, मी येणार नाही. तब्येत बरी आहे ना, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे. पण आज मी बसणार आहे." नात एकटी गेली. त्यांनी व्हरांड्यात खुर्ची मागितली आणि हात मांडीवर ठेवून, समोर पाहत बसल्या. मी पाहुण्यांचं रजिस्टर उघडलं. तारीख १९ जून. पत्त्याच्या रकान्यात टेक्सास.

मॅडम, रजिस्टर तसंच उघडं राहिलं. मी जवळ जाऊन माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "गॅल्व्हेस्टन?" त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग मी तुमचाच प्रश्न विचारला: तिथे कोण होतं?

त्या म्हणाल्या, माझ्या पणजीची आई होती. तिचं नाव हॅना. आडनाव तिला तेव्हा नव्हतं. ती कापसाच्या शेतात होती.

मी त्यांना तुमच्या हजेरीबद्दल सांगितलं. पोत्यावरचा नकाशा, शेवंता, रमेशचा चहा, सगळं. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू काय बोलला होतास?" मी सांगितलं, ती बाई थांबली नाही, खुरपत राहिली. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. "नाही बाळा," त्या म्हणाल्या. "ती बसली."

भर दिवसा, कापसाच्या ओळीच्या मधोमध, मातीत बसली. तिला दिवसा बसलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं, तिच्या मुलांनीसुद्धा. मुकादम येऊन उभा राहिला आणि पाहून निघून गेला. ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात दरवर्षी या दिवशी सगळ्यांत म्हातारी बाई सकाळी बसते, आणि दिवसभर तिला कोणी काम सांगत नाही. या वर्षी ती जागा मोहर्लीत आली.

मी तिथून उठलो नाही. दुपारी मॅनेजर साहेब ओरडले तेव्हा उठलो.

मॅडम, तुमचं उत्तर मला त्या व्हरांड्यात मिळालं. सोंग कधी चुकत नाही, कारण त्याला खरं-खोटं नसतं. माझं चुकलं. कोणी तरी होतं तिथी, आणि मी तिच्याबद्दल चुकीचं बोललो होतो. म्हणजे तुम्ही आम्हाला इतिहासच शिकवला.

दुसरी गोष्ट. या वेळी गावी गेलो तेव्हा मी आईला रोवणीत, पेंडी हातात असताना, बांधावर बसायला सांगितलं. ती म्हणाली, "काऊन? येडा झाला का?" पण बसली. थोडाच वेळ. मी तिच्याकडे पाहत होतो.

शेवटी एक विनंती. रजिस्टर तुमच्याकडेच असेल. १९ जूनच्या हजेरीत नऊ नंबरापुढे 'खुरपत राहिली, थांबली नाही' असं लिहिलं आहे. ते खोडू नका, ती माझी माय आहे. त्याच्या खाली जागा असेल तर एवढं लिहा, आजीबाईंनी तसं सांगितलं आहे:

हॅना. हजर. बसली.

आपला विद्यार्थी,
मंगेश